रंग ओला असताना: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात तैलचित्रांच्या प्रदर्शनाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. म्हणजे भिंतीवर चित्रं, एका कोपऱ्यात डेमो आणि दुपारी चित्रकारांसाठी वर्कशॉप, असं जे एकत्र भरवतात त्याबद्दल. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. काही प्रश्न चौघांनी चार तऱ्हेनं विचारलेत, ते एकात घातलेत, रागावू नका.

ताई, मी आठ वर्षं वॉटरकलर करतेय, ऑइलला कधी हात लावला नाही. प्रदर्शनात तीन डेमो आहेत आणि एका दिवसाचं वर्कशॉप. डेमो बघून खरंच काही कळतं का, की सरळ वर्कशॉपलाच बसू?

आधी एक तरी डेमो बघा, मग वर्कशॉपला बसा. उलटं केलंत तर वर्कशॉपमध्ये पहिले दोन तास तुमचा हात वॉटरकलरचाच चालेल. तुम्हाला सवय आहे पांढरा कागद राखून ठेवायची, फिक्याकडून गडदाकडे जायची. ऑइलमध्ये बहुतेक जण गडद भाग आधी पातळ लावून घेतात आणि उजेड शेवटी, जाडसर रंगात चढवतात. हे सांगून पटत नाही, समोर बघितलं की लगेच पटतं.

आता डेमोत बघायचं काय ते सांगते, कारण बहुतेक लोक चुकीच्या ठिकाणी बघत बसतात. सगळे कॅनव्हासकडे बघतात. तुम्ही पॅलेटकडे बघा. चित्रकार ज्या हातानं रंग कालवतो त्या बाजूला, जरा तिरकी खुर्ची पकडा, समोरची पहिली रांग सोडून द्या, तिथून फक्त पाठ दिसते. रंग किती वेळ कालवला आणि कॅनव्हासवर किती वेळा टेकवला याचा मनात हिशोब ठेवा. चांगल्या चित्रकाराचा कालवण्यात जास्त वेळ जातो आणि लावण्यात कमी, आपलं नेमकं उलट असतं. ब्रश किती वेळा फडक्याला पुसला तेही बघा. आणि तो मागे किती वेळा सरकतो, डोळे बारीक करून कधी बघतो, कुठे हात आखडता घेतो. डेमोतलं अर्धं शिक्षण त्या थांबण्यात असतं पण तेव्हाच प्रेक्षक मोबाईल काढतात.

प्रश्न विचारायची वेळ आली की ‘सर कोणता ब्रश’ एवढंच विचारू नका. विचारा की या चित्रावर तुम्ही उद्या काय कराल आणि पुढच्या आठवड्यात काय कराल. डेमोत आपल्याला दिसते ती चित्राची पहिली बैठक, आणि तैलरंगाचा मुख्य गुण त्यानंतर सुरू होतो. पाण्याचा रंग पाणी उडून गेलं की वाळतो. ऑइल उडून जात नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं, म्हणजे वाळतं म्हणण्यापेक्षा ते बदलतं. त्याला दिवस लागतात, जाड थराला महिने लागतात, आणि सगळं तंत्र या वेळेभोवती उभं आहे.

जाता जाता एक गंमत. लोकांसमोर चित्र रंगवणं हे आजचं फॅड नाही. लंडनमध्ये प्रदर्शन उघडायच्या आधी चित्रकारांना भिंतीवर लागलेल्या चित्रावर शेवटचा हात फिरवायला आणि व्हार्निश करायला दिवस दिलेले असत. तिथला नावाजलेला चित्रकार टर्नर त्या दिवसांत जवळजवळ अपुरंच चित्र घेऊन यायचा आणि तिथेच पूर्ण करायचा. १८३५ मध्ये संसदेच्या आगीचं चित्र त्यानं असंच, बाकीचे चित्रकार बघत असताना उभं केलं. काम झाल्यावर मागे सरकून चित्राकडे बघितलंसुद्धा नाही, पेटी आवरली आणि निघाला, अशी आठवण तिथे हजर असलेल्या एकानं लिहून ठेवलीय. तो टर्नर होता, आपण मागे सरकून बघायचं.

डेमोत सरांनी दोन तासांत अख्खं पोर्ट्रेट उभं केलं. मला एका चेहऱ्याला दोन महिने लागतात आणि शेवटी तो चिखल होतो. घरी आल्यापासून ब्रश हातात घ्यावासा वाटत नाही. माझ्यात कमी आहे का?

कमी तुमच्यात नाही, तुम्ही दोन वेगवेगळ्या पद्धतींची तुलना करताय. डेमोत जे बघितलंत त्याला आला प्रिमा म्हणतात, ओल्यावर ओलं, एकाच बैठकीत. दुसरी पद्धत थरांची, आधी एकरंगी अंडरपेंटिंग, ते वाळलं की पातळ पारदर्शक ग्लेझ, परत वाळू द्यायचं, परत थर. ज्या जुन्या चित्रांची कातडी आतून उजळल्यासारखी दिसते त्यातली पुष्कळशी थरांची आहेत आणि त्यांना महिने लागलेत.

तुमचा चिखल का होतो त्याचा मला अंदाज आहे. दोन महिने म्हणजे तुम्ही थरांच्या वेगानं काम करताय पण रंग लावताय ओल्यावर ओला, खालचा अर्धवट चिकट असताना वरून परत घासताय, मग सगळे रंग एकमेकांत जाऊन करडे होतात. एक काहीतरी ठरवा. एका बैठकीत करायचं असेल तर छोटा कॅनव्हास घ्या, मोठा ब्रश घ्या आणि एक फटका मारला की त्याला परत शिवू नका. थरांत करायचं असेल तर मधे खरंच थांबा, बोटाला रंग लागत नाही इथपर्यंत.

आणि डेमोवाल्यांचं एक गुपित सांगून टाकते, त्यांनी तो चेहरा किंवा तसाच चेहरा आधी वीसदा केलेला असतो, कॅनव्हास टोन करून, म्हणजे आधीच एक मधला रंग फासून, आणलेला असतो, लाईट एकाच बाजूनं लावून घेतलेला असतो आणि मुख्य रंग आधीच कालवून ठेवलेले असतात. यात फसवाफसवी नाही, तयारी आहे. तुम्हीही करा.

पोर्ट्रेटसाठी चारच रंग घेऊन बघा: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि आयव्हरी ब्लॅक. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न याच्या नावानं ही पॅलेट ओळखली जाते. १८९६ च्या त्याच्या आत्मचित्रात हातातल्या पॅलेटवर हेच रंग दिसतात. बाकीचे रंग त्यानं कधी वापरलेच नाहीत असं मात्र नाही. आता व्हर्मिलियनऐवजी कॅडमियम रेड लाईट घेतात. काळ्यात पांढरा मिसळला की ऊबदार रंगांशेजारी तो चक्क निळसर दिसतो, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मजा येते.

वर्कशॉपच्या यादीत ‘आर्टिस्ट क्वालिटी’ रंग आणा असं लिहिलंय. माझ्याकडे स्टुडंटवाले आहेत. फरक पडतो का? आणि ट्यूबवरचं ‘ह्यू’ म्हणजे काय?

फरक पडतो, पण सगळे रंग बदलायची गरज नाही. स्टुडंट रंगात रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते, त्यामुळे मिश्रणात तो लवकर मरतो, तुम्ही अजून घालता, मग अजून घालता. मातीचे रंग म्हणजे ऑकर, अंबर, सिएना वगैरे स्टुडंटचे चालतात, ते तसेही साधेच असतात. लाल, पिवळा आणि विशेष करून पांढरा मात्र चांगला घ्या, पांढरा सगळ्यात जास्त संपतो आणि सगळ्यात मिसळतो.

‘ह्यू’ म्हणजे नावाचा मूळ पदार्थ आत नाही, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा घातलाय. हे वाईटच असतं असं नाही, पण मिसळताना तो वेगळा वागतो आणि वर्कशॉपमध्ये सर सांगतात ते मिश्रण तुमच्याकडे जमत नाही, मग तुम्हाला वाटतं आपलंच चुकतंय. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा कोड असतो तो वाचायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी २८ कोबाल्ट ब्लू, पीडब्ल्यू ६ टिटॅनियम व्हाईट. पीडब्ल्यू ४ दिसलं तर ते झिंक व्हाईट. झिंकचा थर वर्षं गेल्यावर ठिसूळ होतो आणि तडकतो किंवा सुटून येतो, म्हणून खालच्या थरात आणि मोठ्या भागात मी तो घालत नाही. टिटॅनियम म्हणून घेतलेल्या ट्यूबमध्येही कधी कधी झिंक मिसळलेलं असतं, तेवढं बघून घ्या.

मला दम्याचा त्रास आहे. टर्पेंटाइनचा वास आला की डोकं धरतं. वीस जण एका हॉलमध्ये बसणार, मी जावं की नको?

आधी डॉक्टरांना विचारा, मग आयोजकांना फोन करून दोनच प्रश्न विचारा: हॉलला समोरासमोर खिडक्या आहेत का आणि सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला लागणारं टर्पेंटाइनसारखं द्रव्य, चालू देणार की नाही. अलीकडे बरेच जण सॉल्व्हंटशिवाय वर्कशॉप घेतात आणि ते सहज जमतं. ब्रश आधी फडक्याला पुसायचा, मग साध्या तेलात, जवसाच्या किंवा अक्रोडाच्या, बुडवून परत पुसायचा, घरी गेल्यावर साबणानं धुवायचा. रंग पातळ करायलाही थेंबभर तेल पुरतं, फक्त खालच्या थरात तेल अगदी कमी ठेवा. पाण्यात मिसळणारे ऑइल कलर पण मिळतात, हाताला थोडे वेगळे लागतात पण चित्र तेलाचंच होतं. ‘बिनवासाचं’ मिनरल स्पिरिट म्हणून जे मिळतं त्याला वास नसतो, वाफ असते, हे लक्षात ठेवा. वास आला नाही म्हणून खिडकी बंद करून बसणारे मी बघितलेत.

वासावरून आठवलं, कुणी विचारलं नाही तरी सांगणार. जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल ऑक्सिजन घेतं तेव्हा उष्णता निघते, गोळा केलेल्या फडक्यात ती आत कोंडते आणि काडी न लावता फडकं पेट घेतं. ही ऐकीव गोष्ट नाही, यामुळे खरोखर आगी लागल्यात. फडकी बाहेर मोकळ्या हवेत पसरून, एकेक वेगळी वाळू द्यायची, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. वर्कशॉपच्या हॉलमध्ये असा डबा दिसला नाही तर आयोजकांना सांगा, लाजू नका.

ॲक्रिलिकवर ऑइल चालतं का?

चालतं, थर पातळ आणि मॅट असेल तर. तयार कॅनव्हासवरचा पांढरा गेसो, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, बहुतेक वेळा ॲक्रिलिकचाच असतो. ऑइलवर ॲक्रिलिक मात्र चालत नाही, धरतच नाही.

वर्कशॉपमध्ये सरांनी माझ्या हातातला ब्रश घेतला आणि माझ्याच चित्रावर दहा मिनिटं काम केलं. सगळे वाहवा म्हणाले. चित्र सुंदर झालं पण आता ते माझं वाटत नाही. मी काही बोलले नाही. चुकले का?

तुम्ही चुकला नाहीत. ही जुनी सवय आहे, पिढ्यान्‌पिढ्या गुरू शिष्याच्या चित्रावर हात मारत आलेत आणि बऱ्याच जणांना ते आवडतंही, डोळे कोरून मिळतात ना फुकटात. मला विचाराल तर शिकवणाऱ्यानं आधी विचारावं. कॅनव्हासच्या कडेला किंवा वेगळ्या तुकड्यावर दाखवता येतं, चित्रावर पारदर्शक प्लास्टिक धरून त्यावरही दाखवता येतं. पुढच्या वेळी सुरुवातीलाच हसत सांगून टाका, ‘सर, मला तोंडानं सांगा किंवा बाजूला करून दाखवा, चुकलं तरी चालेल’. कुणी वाईट वाटून घेत नाही. घेतलंच तर ते वर्कशॉप तुमच्यासाठी नव्हतं.

आता त्या चित्राचं काय. पहिला रस्ता, त्याचा फोटो काढून ठेवा आणि पॅलेट नाईफनं सरांचा भाग खरवडून काढा. ओला आहे तोवर तो निघतो, ऑइलची हीच तर सोय आहे. मग फोटो समोर ठेवून तो भाग स्वतः करा. दुसरा रस्ता, आहे तसं ठेवा, मागे तारीख आणि ‘वर्कशॉपमध्ये, सरांच्या हातासह’ असं लिहा आणि धडा म्हणून भिंतीवर लावा. मी पहिला रस्ता घेतला असता. खरं तर घेतलाय, एकदा, आणि माझे डोळे सरांच्यापेक्षा वाईट आले, पण दोन्ही एका दिशेला बघत होते एवढं समाधान.

जुन्या मास्टरच्या चित्राची कॉपी वर्कशॉपमध्ये केली. ती प्रदर्शनाला देता येईल का? सही करू का?

प्रदर्शनाचे नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी ‘स्वतंत्र रचना’ अशी अट असते आणि कॉपी बसत नाही. जिथे चालते तिथे लेबलवर ‘अमुक चित्रावरून’ असं स्पष्ट लिहा आणि सही स्वतःचीच करा, मूळ चित्रकाराची सही हौसेनंसुद्धा उतरवायची नाही. कॉपी करण्यात कमीपणा काही नाही. पॅरिसच्या लूव्रमध्ये १७९३ पासून चित्रकार इझल लावून कॉपी करत आलेत, फक्त परवानगी लागते आणि कॉपीचा आकार मूळ चित्रापेक्षा वेगळा ठेवावा लागतो, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको.

माझं चित्र प्रदर्शनासाठी निवडलं गेलंय, पंधरा दिवसांत द्यायचंय, पण रंग अजून ओला आहे. व्हार्निश करून देऊ का? आणि नेऊ कसं?

अभिनंदन! व्हार्निश करू नका. रुळलेला नियम असा की सहा महिने ते एक वर्ष थांबायचं, जाड रंग असेल तर जास्तच. आता काही नवी व्हार्निशं लवकर लावता येतात, पण त्यांचीही अट असते की सगळ्यात जाड ठिकाणीसुद्धा रंग नखानं दबता कामा नये. वरून कोरडा दिसतो आणि आत ओला असतो, तिथेच लोक फसतात. काही भाग मेल्यासारखा मॅट आणि काही चकचकीत दिसतोय म्हणून व्हार्निश करावंसं वाटत असेल तर रंग हाताला कोरडा लागेपर्यंत थांबा, मग त्या मॅट भागावर अगदी थेंबभर तेल चोळून पुसून घ्या. आणि चित्र देताना मागे चिठ्ठी लावा, ‘रंग ताजा आहे, पृष्ठभागाला हात लावू नये’, आयोजकांना आधी कळवा, काही ठिकाणी ओलं चित्र घेतच नाहीत.

व्हार्निश हा रंगाचा भाग नाही, वरून चढवलेला अंगरखा आहे, तो जुना झाला की उतरवून नवा घालता यावा अशी योजना असते. म्हणून तर आधी खालचं अंग पक्कं पाहिजे. रेम्ब्रांटचं १६४२ चं ‘नाईट वॉच’ माहीत असेल. ते रात्रीचं चित्र नाहीच, वरचं व्हार्निश काळवंडल्यामुळे लोकांना रात्र वाटली आणि नाव चिकटलं. १९४० च्या दशकात साफ केल्यावर आतून दिवसाचा उजेड निघाला, नाव मात्र तेच राहिलं. २०१९ पासून त्याच चित्राचं संशोधन आणि जतन ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये काचेच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसमोर सुरू झालं. मला विचाराल तर यापेक्षा मोठा डेमो नाही.

नेण्याचं म्हणाल तर सारख्याच मापाचा दुसरा कोरा कॅनव्हास घ्या, चार कोपऱ्यांत बूच किंवा दोन्हीकडे टोक असलेल्या कॅनव्हास पिना लावा आणि दोन्ही तोंडं आतल्या बाजूला करून बांधा, मधे बोटभर जागा राहते. वर्तमानपत्र किंवा बबल रॅप ओल्या रंगाला लावायचा नाही. माझं पहिलं निवडलं गेलेलं चित्र मी रिक्षात मांडीवर उभं धरून नेलं होतं, अर्धं आकाश माझ्या शर्टाच्या बाहीवर आलं, प्रदर्शनात राहिलेल्या अर्ध्या आकाशाचं कुणीतरी कौतुकही केलं.

प्रदर्शनात ऑइलच्या चित्रावर लाईट चमकतो आणि काही दिसत नाही. कुठून बघायचं?

समोरून हला. एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे, चमक सरकते. आधी लांबून बघा, मग इतकं जवळ जा की ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतील, मग बाजूनं तिरकं बघा, जाड रंग कुठे चढवलाय ते तिरक्या नजरेलाच कळतं. हात मागे बांधून ठेवा, पाठीवरची सॅक पुढे घ्या.

माझं दहा वर्षांपूर्वीचं तैलचित्र कपाटामागे ठेवलं होतं. आता काढलं तर सगळा पांढरा पिवळट पडलाय. रंग खराब निघाला का? घासून काढू का?

थांबा, घासू नका! जवसाचं तेल अंधारात राहिलं की पिवळं पडतं, ट्यूबचा दोष असेलच असं नाही. चित्र खोलीत लख्ख पण थेट ऊन येत नाही अशा ठिकाणी भिंतीला लावा आणि काही आठवडे विसरून जा. उजेडानं हा पिवळेपणा पुष्कळसा परत जातो. आज एक फोटो काढा, महिन्यानं त्याच जागी त्याच वेळेला दुसरा काढा. फरक दिसला नाही तर वर जुनं व्हार्निश आहे का ते आठवून मला परत लिहा, सोबत दोन्ही फोटो पाठवा.